स्नेक पास बंद

पहाटे पावणेपाचला शेफील्डच्या डेपोत
पडद्यावर लाल ओळ आली: स्नेक पास बंद. बर्फ.
मी वेळापत्रकातून तीन गाड्या उडवल्या.
गिदेयची पहिली फेरी गेली.
ओला कोट हीटरवर टाकत तो म्हणाला,
एवढ्याशा चढाला हे लोक पास म्हणतात!

आणि ड्युटीच्या कागदाच्या पाठीवर
त्याने त्याचं गाव काढायला घेतलं.
खाली आलामाता: उकाडा, ज्वारी, उंट.
वर कोरेम: सातू, धुकं, दुपारीसुद्धा अंगावर शाल.
मधल्या उभ्या कड्यावर पेन इतक्यांदा वळलं
की कागद फाटला.

घाट, मी म्हटलं.
हा शब्द त्याला हवाच होता बहुतेक,
दोनदा म्हणून बघितला, ठ काढून, मग ट नीट लावून.
इंग्रजीत मला पाच वाक्यं लागली असती:
आधी क्लचचा जळका वास येतो,
मग कानांना दडे, मग कुणाचं तरी पोर ओकतं,
आणि एका ठरावीक वळणावर गाडीतले सगळे गप्प.
तिथे आम्ही छातीवर क्रूस करतो, तो म्हणाला.
आम्ही खिडकीतून नाणं टाकतो. कुंभार्लीत.

सडक इटालियनांची.
त्याचे आजोबा सांगत, अशेंगे तळ्यावर
आधी विमानं आली, मग तो वायू,
मग खडी, मग डांबर.
सडक चांगली होती, हेही सांगत.
तेच त्यांना सोसत नसे.

त्याच्याही आधीचं मी नंतर वाचलं.
अठराशे अडुसष्ट. इंग्रजांची फौज त्याच तळ्याकाठून गेली,
मुंबईहून जहाजात चढवलेली खेचरं,
खेचरांमागे चालणारी आमच्याकडची माणसं,
रत्नागिरीची असतील, साताऱ्याची असतील,
मला कुठे नावं सापडली नाहीत.
हत्ती मात्र मोजलेले आहेत: चव्वेचाळीस.
गिदेयला सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला.
म्हणजे तुम्ही आधीच येऊन गेलात, म्हणाला.
कॉफी तरी दिली होती का कुणी?

इथल्या वयस्क माणसांना कोरेम ठाऊक आहे.
तेच ना, टीव्हीवर दाखवलेलं?
एका बाईने उरलेले सुटे पैसे परत घेतले नाहीत,
त्याच्या हातात तसेच ठेवून
दोन थांबे आधीच उतरली.
तो तेव्हा चार वर्षांचा होता.
त्याला रांगा आठवत नाहीत, तंबू आठवत नाहीत.
धान्याच्या लॉरीचं चाक आठवतं,
त्याच्याहून उंच,
आणि हात लावला तर गरम.

आता खालून, मेहोनीकडून, सपाट रस्ता झालाय.
मेकेलेच्या गाड्या घाट चढतच नाहीत.
भावाचं हॉटेल बसलं.
आई म्हणते बरं झालं, रात्री झोप लागते.

लढाईत वरचा काय, खालचा काय, दोन्ही रस्ते बंद.
फोनही.
त्या दिवसांत गिदेय जादा फेऱ्या मागायचा,
रविवारच्या, नाताळच्या, कुणी न घेतलेल्या.
मी काही विचारलं नाही.
फेऱ्या दिल्या.

हल्ली फोन लागतो. आई सांगते,
बस एकला सुटते. म्हणजे सकाळी सात.
तिथलं घड्याळ उजाडल्यापासून मोजतं.
माझ्या सॉफ्टवेअरमध्ये असा रकाना नाही.

सातला लाल ओळ गेली.
मीठ पसरून झालं होतं, रस्ता मोकळा.
तिन्ही गाड्या मी परत घातल्या
आणि त्याच्या नावापुढे लिहिलं: ७.४०.
एक चाळीस, त्याने वाचलं,
कोट चढवला, अजून ओलाच होता तो,
आणि अंगणात जाऊन इंजिन सुरू केलं.
बाहेर अजून उजाडायचं होतं.